मीठ वाहणाऱ्यांची गाणी

यूट्यूबवर ‘तिनारिवेन’ असं टाइप करा. डोक्या-तोंडाभोवती लांबलचक फडकी गुंडाळलेली माणसं दिसतील, हातात इलेक्ट्रिक गिटार, मागे टाळ्यांचा एकसारखा ठेका. हे तुआरेग. माली, नायजर, अल्जीरिया, लिबिया अशा देशांत वाटले गेलेले सहारा वाळवंटातले भटके लोक. नायजरमध्ये त्यांचे उंटांचे काफिले बिल्माहून मीठ घेऊन अगादेझच्या बाजूला यायचे. मग ट्रक आले, देशांच्या सीमा आल्या, दुष्काळ आले आणि काफिले मोडत गेले.

मी चाळीसगावचा. ही गाणी ऐकताना मला आमच्या तालुक्यातले तांडे आठवले. चाल सारखी आहे म्हणून नाही, मिठामुळे. मीठ वाहणारी एक जमात आमच्याही शेजारी राहते. तिचं नावच, एका व्युत्पत्तीप्रमाणे, मिठावरून आलंय. लवण वाहणारे ते लमाण. आपण त्यांना बंजारा म्हणतो, ते स्वतःला गोर म्हणतात. आणि आपण, म्हणजे बाकीचे सगळे, त्यांच्या भाषेत ‘कोर’.

बैलांचा रस्ता

आज सुरत-भुसावळ रेल्वे खानदेशातून जाते. मोगल काळात साधारण याच पट्ट्यातून सुरत-बऱ्हाणपूर हा देशातला एक मोठा व्यापारी रस्ता जायचा. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर आणि पुढे बऱ्हाणपूर. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये या वाटेने गेला. दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांबद्दल त्याने लिहून ठेवलंय. धान्य, तांदूळ, मीठ लादलेला असा तांडा अरुंद वाटेत समोर आला, तर दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबून राहावं लागायचं. पीटर मंडी या इंग्रजाला १६३२ मध्ये प्रवासात भेटलेल्या तांड्यात १४,००० बैल होते.

हा धंदा चालायचा कसा? तांडा दिवसाला थोडंच अंतर कापायचा आणि बैल वाटेतच चरायचे. चारा फुकट, म्हणून वाहतूक स्वस्त. बायका-मुलं, भांडीकुंडी, देव, सगळं सोबत. घर असं वेगळं नव्हतंच, तांडा हेच घर. फौजांनाही त्यांच्यावाचून चालत नसे. मोगलांच्या दख्खन मोहिमांना धान्य पुरवलं ते याच बैलांनी. १८०३ मध्ये मराठ्यांविरुद्ध लढणाऱ्या वेलस्लीलाही बंजाऱ्यांचाच आधार होता.

मग १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली. खानदेशचा कापूस डब्यांतून मुंबईला जायला लागला. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे फाटाही सुरू झाला. १८७८ च्या वन कायद्याने जंगलं सरकारची झाली आणि फुकटचा चारा आटला. त्याआधीच, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला होता. देशाच्या काही भागांत बंजाऱ्यांच्या कपाळावरही तो शिक्का बसला. ज्यांचं फिरणं दोनशे वर्षं साम्राज्यांना हवं होतं, त्यांचं तेच फिरणं आता संशयास्पद ठरलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. वऱ्हाडातल्या कंबरलेज नावाच्या एका अधिकाऱ्याने बंजाऱ्यांवर सविस्तर टिपण लिहिलं. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचा जाती-जमातींवरचा मोठा ग्रंथ आला, त्यातल्या बंजाऱ्यांवरच्या प्रकरणाला याच टिपणाचा आधार आहे. कंबरलेज पोलीस खात्यातला होता. म्हणजे पाहा, या लोकांबद्दल कागदावर जे उरलं, ते त्यांच्या बैलांची गिनती करणाऱ्या प्रवाशांचं, रसद मागणाऱ्या सेनापतींचं आणि नजर ठेवणाऱ्या पोलिसांचं. त्यांचं स्वतःचं म्हणणं कुठे आहे?

बैलावर उभी राहिलेली नवरी

ते गाण्यांत आहे. सेवालाल महाराजांची भजनं आहेत, नगारा आणि थाळीच्या साथीची. होळीला पुरुष घोळक्याने लेंगी गातात. श्रावणात तीज असते. कुमारिका टोपलीत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गातात, आणि शेवटच्या दिवशी ते हिरवे कोंब वाहत्या पाण्यात सोडतात. वस्ती हलवत राहणाऱ्या लोकांनी टोपलीत मावणारं शेत केलं, असं मला ते बघताना नेहमी वाटतं.

पण सगळ्यांत विलक्षण आहे ढावलो. लग्नाआधी नवरीने रडत गायचं गाणं. नुसतं रडणं नाही, त्याची शिकवणी असते. म्हाताऱ्या बायका मुलीला शेजारी बसवतात आणि सूर कुठे लांबवायचा, आईला काय म्हणायचं, भावाला काय म्हणायचं हे घोकून घेतात. निघायच्या वेळी नवरीला सजवलेल्या बैलावर उभं करायची रीत होती. हात वर करून ती ‘हवेली’ गायची, म्हणजे माहेराचा निरोप घ्यायची.

तांडा सतत फिरता असताना या निरोपाचा अर्थ काय होता, याचा विचार करा. आज लेक सासरी गेली तर फोन आहे, एसटी आहे. तेव्हा दोन तांडे दोन दिशांना निघाले की पुन्हा कधी, कुठे भेटतील याचा नेम नाही. ढावलो ही त्या व्यापाराची दुसरी बाजू आहे. ताव्हर्नियेने बैल मोजले, ढावलोने अंतर मोजलं.

तुआरेगांच्या भाषेत ‘असूफ’ असा एक शब्द आहे. ओढ, एकटेपण, घरापासून तुटल्याची कळ, सगळं त्यात येतं. तिनारिवेनचा इब्राहिम अग अल्हबीब लहान असताना, १९६३ च्या उठावात, माली सरकारने त्याच्या वडिलांना मारलं. निर्वासित म्हणून वाढताना त्याने डबा, काठी आणि सायकलच्या तारेची गिटार बनवली. पुढे या पोरांची गाणी कॅसेटवरून कॅसेटवर उतरत वाळवंटभर पसरली. २०१२ मध्ये त्यांच्या ‘तसिली’ अल्बमला ग्रॅमी मिळालं. दुःख तेच होतं, पण त्यांनी ते जगाला ऐकवलं आणि त्याचं राजकारणही केलं.

यादीत कुठे?

आपल्याकडे काय झालं? तुआरेगांना सीमांनी वाटलं, बंजाऱ्यांना याद्यांनी. तेलंगणात ते अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. माणसं तीच, बोली तीच. ती बोलीही २०११ च्या जनगणनेत हिंदीच्या पोटात टाकलेली आहे. लमाणी-लंबाडी सांगणारे ३२ लाखांवर आणि बंजारी सांगणारे १५ लाखांवर, सगळे ‘हिंदी’त. आमच्या घरात अहिराणी बोलतात. तिला ‘खानदेशी’ म्हणून वेगळी ओळ तरी मिळाली, १८ लाखांवर माणसांची. शेजारच्या तांड्याला तीही नाही.

आणि गाणं? ते शासकीय कार्यक्रमात आरशांच्या पोशाखातला सात मिनिटांचा नाच म्हणून येतं. टाळ्या पडतात. काय म्हणतायत, हे कुणी विचारत नाही.

मी विचारायला गेलो होतो. मित्राच्या तांड्यावर, त्याच्या आजीकडे. ढावलो म्हणून दाखवा, फोनवर घेतो, असं म्हटलं. लेंगी तिने लगेच म्हणून दाखवली, हसत हसत. ढावलोला मात्र मान हलवली. “कोण निघालंय सासरी? कुणासाठी रडू?”

ते उत्तर मला इतिहासाच्या बऱ्याच पुस्तकांपेक्षा जास्त शिकवून गेलं. ढावलो ही बाटलीत भरून ठेवायची वस्तू नाही. निघणारी मुलगी, शिकवणारी म्हातारी आणि ऐकणारा तांडा असे तिघे असतील, तरच ती आहे. यातलं एक गेलं की फक्त शब्द उरतात.

आणि जाणं थांबलेलं नाही. चाळीसगाव, पाचोरा, जामनेर भागातल्या तांड्यांवरची कितीतरी घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पोरं, शेळी. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात कोपीत राहायचं आणि हंगाम संपला की परत. पूर्वी तांडा एकत्र निघायचा. आता मुकादम विखरून नेतो, आणि म्हाताऱ्या मागे राहतात. शिकवणारी इकडे, शिकणारी तिकडे.

तरी गाणं वाट काढतंय. गोरबोलीतल्या लेंग्या डीजेवर वाजतात, तांड्यातली पोरं स्वतः रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतात. कॅसेटने जे सहारात केलं, ते इथे मोबाइल करू शकतो. लिपी नसली तरी देवनागरीत कॉमेंट्स पडतात. मात्र त्यात ढावलो अजून फारशी दिसत नाही.

मित्राच्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलंय. आजीने तिला रोज संध्याकाळी शेजारी बसवायला सुरुवात केली आहे. मुलगी नर्सिंगला आहे, आधी लाजत होती, आता चुकते आणि परत म्हणते. फोन बाजूला ठेवलेला असतो. चालू ठेवायचा की नाही, ते ती ठरवणार आहे.