जोडणी तोडताना : ब्लूटूथ आणि अँड्रॉइडवरील क्रॅशचा इतिहास

ब्लूटूथ तंत्रज्ञान तार काढून टाकण्यासाठी जन्माला आले, आणि आपल्या मागे तारेचीच कल्पना ठेवून गेले. १९९४ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी अंतराच्या रेडिओ-जोडणीवर काम सुरू केले. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांनी मिळून त्यासाठी संघटना स्थापन केली आणि पुढच्या वर्षी पहिले मानक प्रसिद्ध झाले. या मानकातील आरएफकॉम नावाची संदेशपद्धती संगणकाच्या जुन्या सिरियल केबलची नक्कल करते, म्हणजे आज्ञावली लिहिणाऱ्याला मध्ये रेडिओ आहे असे न भासवता एका टोकाला टाकलेला डेटा दुसऱ्या टोकाला निघणारी नळी दाखवते. केबल उपटली की काम संपते. रेडिओची जोडणी तोडताना मात्र दोन उपकरणे, फोनमधील ब्लूटूथ यंत्रणा आणि ॲप या सर्वांना ती तुटल्याचे कळावे लागते. मोबाइल ॲप तयार करणाऱ्यांना पुढे जो त्रास झाला त्याचे मूळ या फरकात आहे.

२००८ च्या पहिल्या अँड्रॉइडमध्ये ॲपना ब्लूटूथ वापरण्याची सोय नव्हतीच. वेळ अपुरा पडल्याने ती प्रकाशनापूर्वी काढून घेण्यात आली होती. ऑक्टोबर २००९ च्या अँड्रॉइड २.० मध्ये ती आली आणि तिच्यासोबत 'सॉकेट', म्हणजे संवादाचे एक टोक दर्शवणारी वस्तू, ॲपच्या हाती आली. सॉकेट जोडण्याची आज्ञा उत्तर येईपर्यंत, म्हणजे प्रसंगी बारा सेकंदांपर्यंत, अडून राहते, आणि पडद्याचे काम पाहणारा मुख्य थ्रेड स्पर्शाला पाच सेकंद प्रतिसाद देऊ शकला नाही तर प्रणाली ॲप बंद करण्याची सूचना दाखवते. म्हणून जोडणीचे काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर, टाकणे भाग पडले. गूगलच्या 'ब्लूटूथचॅट' या नमुना आज्ञावलीने तीन थ्रेडची मांडणी रूढ केली : एक येणाऱ्या जोडणीची वाट पाहणारा, दुसरा जोडणी करणारा, तिसरा डेटा वाचत बसणारा; आणि प्रत्येकाला आपले सॉकेट बंद करणारी एक 'कॅन्सल' पद्धत.

अडचण तिसऱ्या थ्रेडपाशी सुरू होई. वापरकर्त्याने मागे जाण्याचे बटण दाबले की मुख्य थ्रेड सॉकेट बंद करतो, आणि त्याच क्षणी वाचत बसलेल्या थ्रेडला 'आयओ एक्सेप्शन' ही अपवादाची सूचना मिळते, जी खरे तर दोष नसून वाट पाहणे संपल्याची खूण आहे. पण नवख्या लेखकाने ती पकडून त्याच थ्रेडवरून पडद्यावरील मजकूर बदलू पाहिला, किंवा बंद करणाऱ्याने आधीच रिकाम्या केलेल्या वस्तूला हाक मारली, तर ॲप कोसळे. कारण कोणत्याही एका थ्रेडमध्ये न पकडलेला अपवाद अँड्रॉइडवर संपूर्ण ॲपची प्रक्रिया संपवतो.

खालच्या थरातील प्रश्न याहून गंभीर होता. अँड्रॉइडचा पाया असलेल्या लिनक्समध्ये उघडलेल्या प्रत्येक फाइलला वा सॉकेटला 'फाइल डिस्क्रिप्टर' नावाचा क्रमांक मिळतो. एका थ्रेडने तो क्रमांक बंद केला तरी त्यावर वाचत बसलेला दुसरा थ्रेड जागा होईलच असे नाही, आणि मोकळा झालेला क्रमांक लगेच एखाद्या भलत्याच फाइलला मिळू शकतो. सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्ये यासाठी दोन पायऱ्या योजल्या होत्या : प्रथम वाचनाचे सामायिक कुलूप घेऊन अडलेल्या सर्व क्रियांना परत फिरण्याचा इशारा द्यायचा, आणि त्या परतल्यावरच एकट्याचे कुलूप घेऊन सॉकेट नष्ट करायचे. ही रचना आजही वाचण्याजोगी आहे. तरीही दोष ॲपची भाषा असलेल्या जावाच्या खालच्या सी भाषेतील थरात असेल तर तो जावाच्या अपवाद-व्यवस्थेत पकडता येत नाही, आणि लेखकाच्या हाती फक्त 'सिग्नल ११' ही अवैध स्मृतिवापराची नोंद उरते.

२०१२ च्या अँड्रॉइड ४.२ ने लिनक्सची 'ब्लूझेड' यंत्रणा काढून 'ब्लूड्रॉइड' बसवली, त्यामुळे ॲपला दिसणारी आज्ञा तीच राहून तिच्या मागचे सगळे बदलले. नव्या रचनेत एकाच डिस्क्रिप्टरला दोन वस्तू धरून असत, आणि बंद करताना आधी वाचन-लेखन थांबवून मग त्या क्रमाने सोडाव्या लागत.

२०१३ च्या अँड्रॉइड ४.३ मध्ये कमी ऊर्जेचे ब्लूटूथ आले आणि बंद करण्याची एक क्रिया दोन झाल्या. जीएटीटी या पद्धतीत 'डिस्कनेक्ट' रेडिओची जोडणी तोडते, तर 'क्लोज' ॲपने प्रणालीत घेतलेली जागा परत करते. डिस्कनेक्टचा निकाल नंतर 'कॉलबॅक'ने, म्हणजे प्रणालीने ॲपला उलट मारलेल्या हाकेने, कळतो. पण लगोलग क्लोज केले तर हाक घेणाराच काढून टाकलेला असतो, आणि जुन्या आवृत्त्यांत मधल्या वाटेवरची हाक रिकाम्या संदर्भावर आदळे. उलट क्लोज विसरले तर जागा अडकून राहत, आणि काही वेळाने १३३ या सर्वसाधारण दोषक्रमांकाने नवी जोडणी नाकारली जाई. वापर संपताच शक्य तितक्या लवकर क्लोज करावे, असे अधिकृत दस्तऐवज सांगतो. पण वापर नेमका कधी संपला हाच तर वादाचा मुद्दा होता, त्यामुळे हे मार्गदर्शन अपुरेच म्हटले पाहिजे. व्यवहारात कॉलबॅक येईपर्यंत थांबून क्लोज करणे, आणि तो न आल्यास ठरावीक मुदतीनंतर स्वतःच करणे, हा रिवाज पडला. आयफोनवर २०११ पासूनच्या कोअर ब्लूटूथमध्ये वेगळे क्लोज नाही. तेथे उपकरणाची वस्तू ॲपने धरून न ठेवल्यास जोडणीच हातची जाते, म्हणजे चूक उलट बाजूने होते.

शेवटचा मोठा बदल डिस्क्रिप्टरच्या मालकीबाबत झाला. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये 'एफडीसॅन' ही तपासणी आली : एकाच क्रमांकाला दोनदा बंद केले, अथवा दुसऱ्याच्या मालकीचा क्रमांक बंद करू पाहिला, तर ती नोंद करते, आणि त्या नोंदीत तो क्रमांक कोणाच्या नावावर होता हेही लिहिते. अँड्रॉइड ११ पासून ती नुसती नोंद न करता प्रक्रियाच थांबवते. यामुळे पूर्वी निमूट चालणारी काही ॲप कोसळू लागली आणि लेखकांनी कुरकुर केली, पण ती अस्थानी होती. कारण आधी हीच चूक भलत्या फाइलमध्ये डेटा लिहून गुपचूप नुकसान करू शकत असे. मात्र हा पहारा डिस्क्रिप्टरपुरताच आहे. जीएटीटीची जागा डिस्क्रिप्टर नसल्याने ती परत करायला विसरणाऱ्या ॲपला तो अडवत नाही.