कैदी क्रमांक 4859 आणि त्याचं घर

पिलेत्स्कीबद्दल कुणाला सांगायला लागलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "लग्न झालं होतं का त्याचं?" झालं होतं. दोन मुलं होती. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी सात. मग पुढचा प्रश्न बहुतेकांच्या नुसत्या चेहऱ्यावर दिसतो. आमच्या मावशीने मात्र तोंडावर विचारला. "मग घरच्यांचा विचार नाही का केला मेल्याने?"

मावशी, हा लेख त्या प्रश्नासाठी. फोनवर सांगत बसलो असतो तर तुझा कुकर झाला असता.

ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विटोल्ड पिलेत्स्की हा पोलंडच्या घोडदळातला राखीव अधिकारी. सप्टेंबर 1940 मध्ये वॉर्सामध्ये जर्मन धरपकड चालू असताना हा पठ्ठ्या मुद्दाम तिच्यात सापडला, कारण त्याला आउशवित्झच्या छळछावणीत शिरायचं होतं. आत काय चाललंय ते बाहेर कळवायचं आणि आतल्या कैद्यांची संघटना बांधायची, एवढं काम. तिथे तो अडीच वर्षांहून जास्त राहिला, आणि मग पळाला.

एवढंच सांगितलं की तो सिनेमातला हीरो वाटतो. मला त्याच्याबद्दल कुतूहल वाटलं ते त्याच्या आधीच्या आयुष्यामुळे. त्याचा जन्म 1901 चा, रशियातल्या करेलियातला. आजोबांनी 1863 च्या रशियाविरुद्धच्या उठावापायी सैबेरियात शिक्षा भोगलेली. पोरगा विल्नोमध्ये (आजचं विल्नियस) वाढला, विशीच्या आत बोल्शेविकांशी लढला आणि त्यात दोनदा शौर्यपदक मिळवलं. मग चित्रकला शिकायला गेला, पण घरची ओढाताण, शिक्षण अर्धवट राहिलं. लिदा गावाजवळ सुकुर्चे नावाची घरची पडीक होत चाललेली जमीन होती (हा भाग आता बेलारूसमध्ये आहे), ती त्याने हाती घेतली. शेतकऱ्यांचं मंडळ काढलं, दूध डेअरी सुरू केली. गावच्या चर्चसाठी स्वतः चित्रं रंगवून दिली. गावच्या शाळेतली शिक्षिका मारिया हिच्याशी 1931 मध्ये लग्न केलं. मग आंजेय झाला, मग झोफिया. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात सहकाराच्या पहिल्या पिढीत जशी माणसं होती ना, तसलाच हा. सकाळी दूध, संध्याकाळी मिटिंग, रविवारी देऊळ. इथे देवळाऐवजी चर्च.

म्हणजे घरापासून पळणारा माणूस नव्हे हा. घरात रमलेला होता.

1939 च्या सप्टेंबरात पोलंड दोन्हीकडून गिळला गेला. पश्चिमेकडून हिटलर, पूर्वेकडून स्टालिन. सुकुर्चे रशियाच्या वाट्याला गेलं. जमीनदार, अधिकारी, शिक्षक यांची कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात पाठवायला 1940 च्या फेब्रुवारीपासून सुरुवात झाली. मारिया दोन मुलांना घेऊन सीमा ओलांडून जर्मन बाजूला, माहेरी ऑस्त्रूव्ह माझोव्येत्स्का या गावी पोचली. शत्रूपासून पळून दुसऱ्या शत्रूच्या राज्यात! जी कुटुंबं अशी निसटू शकली नाहीत त्यांच्यातले काही जण पुढे इराणमार्गे हिंदुस्थानात आले, आणि त्यातले सुमारे 5000 आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 पर्यंत राहिले. माझं आजोळ त्या बाजूचं. आजी "पोलंडच्या बाया" म्हणायची आणि त्यांच्या चर्चच्या घंटेबद्दल सांगायची. तेव्हा मी ते नुसतं ऐकायचो. पिलेत्स्की वाचल्यावर कळलं की थोडं इकडेतिकडे झालं असतं तर मारिया आणि तिची पोरंही त्या गाडीत असती.

आता मुद्द्याची गोष्ट. "स्वतःहून आउशवित्झमध्ये गेलेला" असं त्याचं वर्णन करतात. जॅक फेअरवेदर या पत्रकाराने 2019 मध्ये लिहिलेलं चरित्र वाचलं की ते इतकं सरळ राहत नाही. पिलेत्स्की ज्या भूमिगत संघटनेचा संस्थापक होता, तिच्या प्रमुखाशी त्याचे मतभेद होते. प्रमुखाचा कल कडव्या राष्ट्रवादी घोषणांकडे, आणि पक्का कॅथलिक असूनही पिलेत्स्कीचं म्हणणं की असल्या घोषणा नकोत, सगळ्यांना बरोबर घेऊन मुख्य भूमिगत सैन्यात सामील व्हावं. अशा वेळी छावणीत पाठवायला म्हणून प्रमुखाने त्याचंच नाव पुढे केलं. हुकूम नव्हता, नाही म्हणता आलं असतं. त्याने विचार करायला वेळ घेतला. मावशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तरी इथे दिसतं. घरच्यांचा विचार केलाच नसता तर वेळ कशाला लागला असता?

19 सप्टेंबर 1940 च्या सकाळी तो मारियाच्या भावजयीच्या, एलेओनोराच्या घरी होता. लपायला सांगितलं तरी लपला नाही. तिच्या लहानग्याचं अस्वल पलंगाबाहेर पडलं होतं, ते उचलून त्याच्या हातात दिलं आणि हुकूम पाळलाय एवढं कळव असं तिच्या कानात सांगून शिपायांबरोबर गेला. खिशात तोमाश सेराफिन्स्की नावाच्या भलत्याच माणसाची कागदपत्रं. (पळून आल्यावर हा खरा सेराफिन्स्की त्याला भेटला! असल्या गोष्टी कादंबरीत घातल्या तर लोक हसतील.)

छावणीत तो झाला 4859. पाच-पाच जणांचे गट बांधले, एका गटाला दुसऱ्याचा पत्ता नाही. सुटून जाणाऱ्या कैद्यांकरवी तोंडी निरोप बाहेर धाडले. पहिला वृत्तांत 1941 च्या मार्चमध्ये लंडनला पोचला. न्यूमोनिया झाला, टायफस झाला. तिथेच 1941 च्या ऑगस्टमध्ये फादर कोल्बे यांनी बायकोपोरांसाठी रडणाऱ्या एका कैद्याच्या जागी मरण पत्करलं. पोपनी त्यांना 1982 मध्ये संत घोषित केलं. ते घडलं तेव्हा पिलेत्स्की त्याच छावणीत होता. पुढे 1942 पासून ज्यूंच्या गाड्या येऊ लागल्या आणि त्या जागेचं जे झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. तिथे आणलेल्या साधारण 13 लाखांपैकी 11 लाख माणसं मेली. हा कळवत राहिला, बाहेरून कुणी आलं नाही. शेवटी 1943 च्या ईस्टर सोमवारच्या रात्री दोन सोबत्यांबरोबर छावणीच्या बेकरीतून तो पळाला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण 1944 मध्ये तो वॉर्साच्या उठावात लढला, मग जर्मनांचा युद्धकैदी झाला, मग इटलीत पोलिश सैन्यात पोचला. तिथे बसून त्याने आपला मोठा वृत्तांत लिहिला. पगार होता, सुरक्षित होता. 1945 च्या डिसेंबरात पुन्हा पोलंडमध्ये, ह्या वेळी कम्युनिस्ट राजवटीची माहिती गोळा करायला. पुढच्या वर्षी वरून निरोप आला, तुझं बिंग फुटलंय, निघून ये. तो राहिला. मारियाची मुलांना घेऊन परदेशी जायची तयारी नव्हती, हे एक कारण चरित्रांत सापडतं. म्हणजे शेवटच्या खेपेला घरानेच त्याला थांबवून ठेवलं असंही म्हणता येईल.

आमचे बाबा फौजेत होते. आईने आम्हाला वाढवलं आणि बाबा सुट्टीवर यायचे. त्याबद्दल आमच्या घरात कुणी भाषणं केली नाहीत आणि तक्रारीही फारशा केल्या नाहीत. पण दहावीच्या निकालाच्या दिवशी ते नव्हते हे मला अजून आठवतं. त्यामुळे पिलेत्स्कीच्या पदकांपेक्षा मला आंजेय आणि झोफियाचीच जास्त काळजी वाटते. बाप नायक होता हे त्यांच्या पोटाला कसं पुरलं असेल?

8 मे 1947 ला त्याला अटक झाली. छळ असा झाला की त्यापुढे आउशवित्झ म्हणजे पोरखेळ होता, असं त्याने मारियाला सांगितलं. खटला 1948 च्या मार्चमध्ये चालला. त्या वेळचे पंतप्रधान चिरांक्येविच स्वतः आउशवित्झमधून वाचलेले, त्यांनी बोटही उचललं नाही. मारियाने राष्ट्राध्यक्षांकडे दयेचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. शेवटच्या भेटीत त्याने तिला थॉमस ए केम्पिसचं 'इमिटेशन ऑफ क्राइस्ट' विकत घेऊन मुलांना रोज थोडं थोडं वाचून दाखवायला सांगितलं. (विवेकानंद भारतभर हिंडताना गीतेबरोबर जवळ बाळगत, तेच हे पुस्तक.) 25 मे 1948 ला वॉर्साच्या तुरुंगात मागून डोक्यात गोळी घालून त्याला मारलं.

मग चाळीस वर्षं त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. मुलं देशद्रोह्याची मुलं म्हणून वाढली. 1990 मध्ये निकाल रद्द झाला, 2006 मध्ये पोलंडचा सर्वोच्च किताब मिळाला, 2013 मध्ये कर्नलची बढती. मेल्यावर पासष्ट वर्षांनी बढती!

मारिया 2002 मध्ये गेली. नवऱ्याला कुठे पुरलं ते तिला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. पुढे 2012 पासून वॉर्साच्या एका दफनभूमीत खोदकाम करून बऱ्याच जणांची ओळख पटवली गेली, त्यात तो सापडला नाही. तिच्या माहेरच्या घराचं आता संग्रहालय झालंय, पिलेत्स्की कुटुंबाचं घर म्हणून.