नेमार नाही, तरी अल हिलाल जिंकतच राहिलं! फुटबॉलमधली ‘स्क्वॉड डेप्थ’ म्हणजे नेमकं काय?

6 नोव्हेंबर 2023. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी एफसी विरुद्ध सौदी अरेबियाचा अल हिलाल, असा एएफसी चॅम्पियन्स लीगचा सामना होता. ऑगस्टमध्ये ड्रॉ निघाल्यापासून चर्चा एकाच नावाची होती, नेमार! पण तो आलाच नाही. 17 ऑक्टोबरला ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना त्याच्या डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं लिगामेंट, फाटलं होतं. चाहते हिरमुसले. अल हिलालने मात्र सामना 2-0 ने जिंकला.

नेमार मैदानात परतला तो थेट 21 ऑक्टोबर 2024 ला. मधल्या काळात अल हिलालने सौदी लीग जिंकली, 34 पैकी 31 विजय, 3 बरोबरी, पराभव शून्य! मित्रोविच, माल्कम, मिलिन्कोविच-साविच, सालेम अल-दौसरी अशी फळी असल्यावर एक जण गेल्याने संघ कोसळत नाही. यालाच म्हणतात स्क्वॉड डेप्थ.

मग पैसा ओतला की झालं? तसंही नाही. मँचेस्टर सिटीने सलग चार वेळा प्रीमियर लीग जिंकली होती. सप्टेंबर 2024 मध्ये रॉड्रीचं एसीएल गेलं आणि तो मोसम सिटीने तिसऱ्या स्थानावर संपवला. इतरही खेळाडू जखमी होतेच. पण बचावफळीच्या पुढे उभं राहून चेंडू हिसकावणं आणि खेळाचा वेग ठरवणं, ही दोन्ही कामं रॉड्रीसारखी करणारा दुसरा कुणी नव्हता. बाकावर किती जण बसलेत यापेक्षा तेच काम येणारा कुणी आहे का, हे महत्त्वाचं.

शिवाय एक जण बाहेर गेला की उरलेल्यांना विश्रांती मिळत नाही. थकलेले स्नायू, विशेषतः मांडीमागचा हॅमस्ट्रिंग, लवकर दुखावतात आणि जखमींची यादी वाढत जाते.

खेळाडू फक्त दुखापतीनेच जातात असंही नाही. 20 डिसेंबर 2023 ला अंधेरीत मुंबई सिटी-मोहन बागान सामन्यात तब्बल सात रेड कार्ड निघाली, त्यातली चार मुंबईची! पुढे जानेवारीत ग्रेग स्टुअर्टसारखा मोहराही क्लब सोडून गेला. लीग शील्ड शेवटच्या सामन्यात हुकली, पण 4 मे 2024 ला त्याच मोहन बागानला 3-1 ने हरवून मुंबईने आयएसएल कप उचलला. विक्रम प्रताप सिंगसारख्या तरुणाने त्या मोसमात हॅट्ट्रिक केली होती, हे विसरून चालणार नाही.

नागपूरकरांना मात्र या गणिताचं वेगळंच रूप ठाऊक आहे. ‘झुंड’मुळे घराघरात पोहोचलेल्या विजय बारसे यांची ‘स्लम सॉकर’ ही नागपूरची संस्था होमलेस वर्ल्ड कपसाठी भारताचा संघ पाठवते. तिथे संघ आठ जणांचा, मैदानात चार, सामना 14 मिनिटांचा. एरवीच्या फुटबॉलमध्ये बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, त्यामुळे थोडा लंगडणाऱ्याला ठेवायचं की काढायचं, हा कोचसमोर पेच असतो. होमलेस वर्ल्ड कपमध्ये त्याला दोन मिनिटं बसवून पुन्हा उतरवता येतं, हवं तितक्या वेळा.