मज्जाशिखेच्या पेशींचे मूळ : एका वादाचा इतिहास

पेशींच्या एखाद्या लहानशा समूहाने प्रस्थापित सिद्धान्ताला धक्का दिल्याची उदाहरणे भ्रूणविज्ञानाच्या इतिहासात थोडी आहेत. त्यांत मज्जाशिखेचे उदाहरण विशेष विचारणीय होय. भ्रूणाच्या पाठीवरील बाह्यस्तराचा एक पट्टा दोन्ही कडांनी उचलला जाऊन मिटतो व त्याची नळी बनते. तीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होते. मिटणाऱ्या कडांवरील काही पेशी मात्र नळीत सामावून राहत नाहीत. त्या सुट्या होऊन शरीरात दूरवर जातात. न्यूरल क्रेस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या समूहास मराठीत मज्जाशिखा म्हणता येईल.

विल्हेल्म हिस यांनी 1868 मध्ये कोंबडीच्या भ्रूणात हा पट्टा प्रथम वर्णिला. मज्जातंतूंच्या गंडिका त्यापासून बनतात, असे त्यांचे मत होते. बाह्यस्तरापासून मज्जातंतूंची उत्पत्ती व्हावी यात कोणास वावगे वाटले नाही. वाद उपस्थित झाला तो पुढे, कूर्चेच्या संबंधात.

क्रिस्टियान पांडर यांनी 1817 मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील तीन स्तर दाखविले होते. त्यांवर उभारलेल्या स्तरसिद्धान्तानुसार त्वचा व मज्जासंस्था बाह्यस्तरापासून, आणि कूर्चा व अस्थी मध्यस्तरापासून बनतात, असा दंडक पडला. अशा वेळी अमेरिकन संशोधिका जूलिया प्लॅट यांनी 1893 मध्ये नेक्टुरस या उभयचर प्राण्याच्या अभ्यासावरून असे प्रतिपादन केले की, डोक्यातील काही कूर्चा बाह्यस्तरातून येते. अशा पेशींना त्यांनी मेसेक्टोडर्म हे नाव दिले. त्यांच्या निष्कर्षास तीव्र विरोध झाला. 1898 मध्ये फ्रायबुर्ग येथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली. परंतु विद्यापीठात स्थान न मिळाल्याने त्या संशोधनापासून दूर झाल्या. पुढे 1931 मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह या गावाच्या त्या महापौर झाल्या.

तथापि हा विरोध केवळ पूर्वग्रहातून झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्थलांतर करणारी पेशी शेजारच्या पेशींत मिसळली की नुसत्या डोळ्यांनी तिचे मूळ ओळखता येत नाही. निरीक्षणाची ही मर्यादा प्रयोगानेच ओलांडावयाची होती. 1920 नंतरच्या दशकात स्टोन यांनी उभयचरांच्या भ्रूणातून मज्जाशिखा काढून टाकली, तेव्हा डोक्यातील कूर्चा अपुरी राहिली. स्वीडनचे स्वेन हेर्स्टाडियस यांचा मज्जाशिखेवरील ग्रंथ 1950 मध्ये प्रसिद्ध झाला, तोवर प्लॅट यांचे म्हणणे मूलतः मान्य झाले होते.

निर्णायक साधन मात्र 1969 मध्ये हाती आले. जपानी लाव्याच्या पेशीकेंद्रातील रंजकद्रव्याची रचना कोंबडीच्या पेशीहून स्पष्टपणे निराळी असते, हे फ्रान्समधील निकोल ल दुआरँ यांनी हेरले. लाव्याच्या मज्जाशिखेचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात बसविला, की त्याच्या पेशी कोठेही गेल्या व कितीही वेळा विभागल्या तरी ओळखता येत. पेशीने आपल्या जन्मस्थानाची खूण सोबत बाळगावी, तसाच हा प्रकार होता.

या ज्ञानाचे महत्त्व एका बालरोगात विशेष दिसते. कोपेनहेगनचे हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये बर्लिन येथे दोन अर्भकांची हकिकत मांडली. तीव्र बद्धकोष्ठाने दगावलेल्या त्या बालकांचे मोठे आतडे अतिशय फुगलेले होते. साहजिकच दोष फुगलेल्या भागात शोधला गेला. वस्तुतः तो खालच्या अरुंद भागात होता. तेथे आतड्याच्या हालचालींचे नियमन करणाऱ्या गंडिकाच नव्हत्या. 1948 मध्ये बोस्टन येथे ओर्व्हार स्वेन्सन यांनी हा अरुंद भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि बालके बरी होऊ लागली.

परंतु गंडिकांचा अभाव गुदद्वारापासून वरच्या दिशेनेच का आढळतो? याचे उत्तर भ्रूणविज्ञानाने दिले. 1954 मध्ये यंटेमा व हॅमंड यांनी कोंबडीच्या भ्रूणात मानेलगतची मज्जाशिखा काढली असता आतड्यातील गंडिका निर्माण झाल्या नाहीत. 1967 मध्ये ओकामोतो व उएदा यांनी मानवी भ्रूणांत या पेशी सुमारे 5व्या ते 12व्या आठवड्यांत वरून खाली सरकत जातात, असे दाखविले. जेथे ही वाटचाल थांबते, त्याच्या खालचे आतडे रिकामे राहते. 1994 मध्ये रेट या जनुकातील दोषाशी या रोगाचा संबंध सिद्ध झाला.

1974 मध्ये रॉबर्ट बोलांड यांनी मज्जाशिखेच्या विकासातील दोषांतून उद्भवणाऱ्या रोगांचा एक वर्ग कल्पिला. हिर्शस्प्रुंगचा रोग आणि बालकांतील न्यूरोब्लास्टोमा हा अर्बुदरोग, हे वरकरणी असंबद्ध विकार त्यामुळे एका कुळात आले. मात्र अशा एकीकरणालाही मर्यादा आहे. लंडनचे पिअर्स यांनी आतड्यातील संप्रेरकस्रावी पेशींचाही उगम मज्जाशिखेत मानला होता. लाव्याच्या खुणेने ते म्हणणे खोटे ठरविले. ज्या पुराव्याने मज्जाशिखेचा अधिकार विस्तारला, त्यानेच त्याची सीमाही आखून दिली. पेशीचे कूळ तिच्या रूपावरून वा सिद्धान्ताच्या सोयीवरून ठरत नाही, तिच्या प्रवासाचा माग घेऊनच ठरवावे लागते, हाच या वादाचा निष्कर्ष होय.