अक्षरं शाबूत, जनुक गप्प

१८९५ साली अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावी शिवणकाम करणाऱ्या एका तरुणीने डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं, आमच्या घरात माणसं कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. आणि ती गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची वंशावळ काढली, १९१३ साली छापली. पुढची पन्नासेक वर्षं ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. मग हेन्री लिंच यांनी अशी आणखी घराणी शोधली. त्यांनाही आधी नाकं मुरडलेलीच पाहावी लागली. आज मोठ्या आतड्याच्या या आनुवंशिक कॅन्सरला ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात.

१९९३-९४ मध्ये त्यामागची जनुकं सापडली. त्यातलं एक एमएलएच१. पेशी दुभागताना डीएनएची नक्कल होते, नकलेत चुका राहतात. त्या दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांपैकी एक हे जनुक बनवतं. मुद्रितशोधकच म्हणा ना. लिंच घराण्यांत अशा एखाद्या जनुकाची बिघडलेली प्रत पिढीजात उतरते.

मला खरी रंगत यापुढे वाटते. मोठ्या आतड्याच्या साधारण १५ टक्के कॅन्सरमध्ये हीच दुरुस्ती बंद पडलेली असते, पण त्यातल्या बहुतेकांच्या घराण्यात असं काही नसतं. एमएलएच१ची अक्षरं तपासावीत तर जागच्या जागी! १९९७-९८ मध्ये उलगडा झाला. जनुकाच्या तोंडाशी, जिथून त्याचं वाचन सुरू होतं तिथे, मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटून बसले होते. मजकूर शाबूत, वाचन बंद. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जेम्स हर्मन, स्टीफन बेलिन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या पेशींना मिथाइल उतरवणारं औषध दिलं, तर गप्प जनुक बोलू लागलं, दुरुस्तीही सुरू झाली. (बशीतल्या पेशींत, बरं का. रुग्णांत नव्हे.)

गंमत म्हणजे, त्याच संस्थेत १९८३ साली फाइनबर्ग आणि फोगेलश्टाइन यांना आतड्याच्या गाठींतल्या काही जनुकांवर मिथाइल कमी झालेलं दिसलं होतं. म्हणजे एकाच रोगात कुठे कुलपं निखळतात, कुठे नको तिथे लागतात.

हे नुसतं पुस्तकी नाही. गाठीच्या तपासणीत ‘एमएलएच१ प्रथिन नाही’ असं आलं, की घरचे विचारतात : मुलांचं काय? तेव्हा गाठीतलं मिथाइल तपासतात, किंवा बीआरएएफ या दुसऱ्या जनुकातला एक ठरावीक बदल. तो सापडला, तर हा बिघाड बहुधा त्या गाठीपुरताच असतो. मुलांच्या वाट्याला तो गेलेला नसतो.