बीएमपी: आत बसायची गाडी, टपावर बसलेली पोरं

आजचा भाग एका फोटोवरून सुचला. अफगाणिस्तान, १९८०चं दशक. सोव्हिएत सैन्याची बीएमपी घाटातून चाललीये आणि सैनिक चक्क टपावर बसलेत. खाली चिलखत आहे, मग वर का? मला आधी वाटलं, फोटोपुरते बसले असतील. तसं नव्हतं.

बीएमपी म्हणजे रशियन भाषेत 'पायदळाचं लढाऊ यंत्र'. १९६६ मध्ये सैन्यात आली, १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये मॉस्कोच्या लाल चौकात जगाला दिसली. त्याआधीच्या बहुतेक चिलखती गाड्या म्हणजे रणांगणावरची एसटी: सैनिकांना आणायचं, उतरवायचं, मागे फिरायचं. हिच्यात मात्र ७३ मिलिमीटरची तोफ, वर माल्युत्का हे रणगाडाभेदी क्षेपणास्त्र, आणि आतल्या आठ जणांना बसल्या जागेवरून रायफल चालवायला भोकं. वजन साधारण १३ टन, आणि नदी आली तर पोहत पलीकडे!

हे सगळं कशासाठी? तर युरोपात अणुयुद्ध होणार, हे गृहीत धरून. हवेत किरणोत्सर्ग असताना बाहेर पडायचंच नाही; आतूनच लढत पुढे जायचं. समोर रणगाडे असणार, म्हणून सुरुवातीला तोफेला गोळाही फक्त रणगाडाभेदी. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट म्हणतात. इथे कागदावर ती चोख पूर्ण झाली होती.

पण १९७९ च्या डिसेंबरात गाडी पोचली अफगाण डोंगरात. शत्रू रणगाड्यात नाही, कड्यावर. तोफेची नळी ३० अंशांच्या आसपास जाऊन थांबायची. त्यात रस्त्यात सुरुंग. गाडीचा तळ पातळ, इंधनाची मुख्य टाकी सैनिकांच्या दोन बाकांच्या मधोमध, आणि मागचे दरवाजे? त्यांच्यातही डिझेल! सुरुंग फुटला तर आतल्याची धडगत नाही. टपावरचा निदान बाहेर फेकला जाईल, कदाचित वाचेल. गोळी लागायचा धोका पत्करून पोरं वर बसायची, ती हा हिशोब करून.

बीएमपी-२ आली १९८० मध्ये. तिची ३० मिलिमीटरची झटपट मारा करणारी तोफ ७४ अंशांपर्यंत वर जाते. लोक सांगतात, अफगाणिस्तानातून धडा घेतला. तारखा जुळत नाहीत हो! तिचं काम सत्तरच्या दशकातच सुरू झालं होतं आणि उंच नळी हवी होती ती हेलिकॉप्टरसाठी. डोंगरात ती उपयोगी पडली, हा योगायोग.

हीच बीएमपी-२ आपल्याकडे 'सारथ' नावाने तेलंगणातल्या मेदकच्या कारखान्यात बनली. ती चालवणाऱ्या मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीच्या जवानांचं प्रशिक्षण केंद्र आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आहे. तोफ बदलली, बुरुज बदलला. मागचे दरवाजे मात्र बीएमपी-२ मध्येही डिझेलचेच राहिले.