जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये देताय? फाइल्स नुसत्या डिलीट करून भागणार नाही

फोटो पेन ड्राइव्हवर घेतले, फाइल्स डिलीट केल्या, रिसायकल बिन रिकामा केला. लॅपटॉप दुकानात द्यायला तयार! बहुतेकांना असंच वाटतं. पण आधार-पॅनचे स्कॅन, बँक स्टेटमेंट आणि सेव्ह केलेले पासवर्डही त्यासोबत जाऊ शकतात.

डिलीट केल्यावर नेमकं काय होतं?

पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पानं तशीच राहतात. हार्ड डिस्कवरही फक्त फाइलची नोंद जाते. त्या जागेवर नवा डेटा येईपर्यंत फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळवता येते. क्विक फॉरमॅटचंही तेच.

अमेरिकेतील एमआयटीच्या सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलाट यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, चालू असलेल्या १२९ पैकी फक्त १२ डिस्क नीट पुसलेल्या होत्या. इतरांवर क्रेडिट कार्ड क्रमांकही सापडले.

मग काय करायचं?

१. बॅकअप घ्या आणि तो उघडतोय का, हे दुसऱ्या कॉम्प्युटरवर तपासा.

२. ईमेल, ब्राउझर, क्लाउडमधून साइन आउट करा.

३. एन्क्रिप्शन सुरू करा. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. एसएसडीवर हे जास्त महत्त्वाचं, कारण तिथे वरून नवा डेटा लिहिला तरी जुना प्रत्येक कप्प्यातून जाईलच असं नाही. एन्क्रिप्शनची किल्ली पुसली गेली की उरलेला डेटा वाचता येत नाही.

४. आता रिसेट. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, 'रिसेट धिस पीसी' असं जा. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि 'चेंज सेटिंग्ज'मध्ये 'क्लीन डेटा' सुरू करा. हा पर्याय आपोआप सुरू नसतो, इथेच अनेक जण चुकतात. हार्ड डिस्क असेल तर काही तास लागतात, चार्जर लावून ठेवा. नव्या मॅकमध्ये 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' पुरेसं आहे.

लॅपटॉप सुरूच होत नसेल तर?

ड्राइव्ह काढून स्वतःकडे ठेवा. मात्र एक्स्चेंजची किंमत ठरवतानाच हे दुकानदाराला सांगा. काही लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह मदरबोर्डवरच असतो, तो काढता येत नाही.

"आम्ही फॉरमॅट करून देतो" असं दुकानदार म्हणाला, तरी हे काम घरीच उरका. एकदा लॅपटॉप हातातून गेला की आतलं काय पुसलं आणि काय राहिलं, हे पाहायला तुम्ही तिथे नसता.